खालच्या खाचराची माती

चिखल करणं वाटतं तितकं सोपं नाही. शेतातला चिखल पाऊस आणि बैल मिळून करतात, त्याचं सोडा. मी माझ्या टेबलावरच्या चिखलाबद्दल बोलतोय. वीतभर लांबीच्या प्लास्टिकच्या रणगाड्याला तो असा लावायचा असतो की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा आत्ता बांधावरून घसरून खाचरात रुतलाय आणि आतली माणसं शिव्या देत बाहेर पडणार आहेत.

हा नाद मला टाळेबंदीत लागला. मी जव्हारला शेतीशी संबंधित एका सरकारी कचेरीत कारकून आहे. त्या दिवसांत कचेरी अर्धी चालू, अर्धी बंद, आणि हातात फोन. कुठल्याशा थंड देशातला एक म्हातारा रणगाड्याचे सुटे भाग जोडत होता, रंगवत होता आणि मग तो रणगाडा तासन्तास मळवत बसला होता. मी जेवण विसरून बघत राहिलो. पुढे मुंबईहून एक खोका मागवला, मग दुसरा. बायको शाळेत शिकवते, त्यामुळे बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही. म्हणाली, "घरातला चिखल मी पुसायचा आणि तुम्ही नव्याकोऱ्या वस्तूला चिखल फासायचा. बरं जमलंय आपलं."  

जोडणं आणि रंगवणं कुणालाही जमेल. खरी मजा त्यानंतर. हिरवा रंग वाळला की स्पंजाचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवायचा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करायचा आणि कडांना हलकेच टेकवायचा, म्हणजे तिथला रंग उडाल्यासारखा दिसतो. मग पातळ केलेला काळपट रंग सांध्यांत सोडायचा. गंजासाठी मी सरळ गेरू वापरतो. सगळ्यात शेवटी चिखल, आणि त्यातही क्रम असतो. आधी फिकी धूळ, तिच्यावर वाळलेला जुना चिखल, त्याच्यावर ताजा, ओला, गडद. हा क्रम चुकला की गाडी चॉकलेटात बुचकळल्यासारखी दिसते. माझी पहिली गाडी तशीच झाली होती. बायकोनं सुरी आणून विचारलं, "हिला आता कापायची का वाढदिवसाला ठेवायची?"

तो विकतचा, डबीतला चिखल होता. दुसऱ्या वेळी मी ठरवलं, देखावाच मोठा करायचा. फुटका बांध, पाणी साचलेलं भाताचं खाचर, दबलेली रोपं आणि मधोमध चाकांवरच्या पट्ट्यांपर्यंत रुतलेला रणगाडा. युद्ध कुठलं, देश कुठला, याचा मी विचारच केला नव्हता. खाचर मात्र आमचं होतं. मग माती बाहेरची कशाला? उन्हाळ्याच्या अखेरीस मी आईला फोन केला.

आई मोखाड्याच्या बाजूला, डोंगरातल्या आमच्या पाड्यावर एकटी राहते. वडील गेल्यावर मी तिला जव्हारला आणलं होतं. थोडे दिवस राहिली आणि म्हणाली, "इथं पाय टेकायला माती नाय, नुसती लादी." आणि परत गेली. आमची खाचरं दोनच, एक वरचं, एक खालचं. वरचं नीट पिकतं. खालच्यात मात्र दोन वर्षं भात लावला की पिवळा पडत होता आणि पातींवर तांबूस ठिपके येत होते.

"आई, खालच्या खाचरातली बरणीभर माती पाठव," मी म्हणालो.

"कशाला रं?"

"जरा काम आहे."

एवढंच बोललो. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं आईला काय सांगायचं, खेळण्याला फासायचीय म्हणून? लाज वाटली.

जीपवाल्यानं बरणी आणून दिली. लाल झाकणाची बरणी, वरून फडकं बांधलेलं. आतली माती बघून मी हरखलोच. खडा नाही, मुळी नाही, पूर्ण कोरडी आणि पिठासारखी बारीक. मला चाळायचीही गरज पडली नाही. पांढरा डिंक, थोडं प्लास्टर, चिमूटभर बारीक कापलेला काथ्या घालून कालवली आणि पट्ट्यांच्या फटींत भरायला घेतली. असा चिखल त्या थंड देशातल्या म्हाताऱ्यालाही जमला नसता, अशा गुर्मीत मी होतो.

तेवढ्यात आईचा फोन आला. माझ्या हातात दात घासायचा जुना ब्रश होता. त्याला पातळ चिखल लावून केसांवर बोट फिरवलं की बारीक शिंतोडे उडतात. फोन खांद्यानं कानाशी धरला.

"माती बराबर हाय ना? तू शिकवलं तशीच घेतली बग," ती म्हणाली. "कोपऱ्याकोपऱ्यातली, मधली बी. समदी मिसळली, सावलीत वाळवली."

मला आधी कळेना, मी कधी शिकवलं. मग आठवलं. होळीच्या सुमारास आमच्या कचेरीची माणसं पाड्यावर गेली होती, तपासणीसाठी माती कशी घ्यायची ते बायांना दाखवायला. साहेबांचा घसा बसला होता, म्हणून मीच कुदळ घेऊन उभा राहिलो आणि बोललो. आई सगळ्यांच्या पुढे उभी होती. आपला पोरगा चार माणसांत बोलतोय म्हणून तिचा चेहरा असा फुलला होता की मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो, नाहीतर मलाच बोलता आलं नसतं. तिनं माझा शब्द न् शब्द लक्षात ठेवला होता आणि मी मागितलेली माती तपासायलाच मागितली, असं धरून चालली होती. शेतीच्या कचेरीतला मुलगा माती मागतो, तर दुसरं कशाला मागणार?

"काय निघालं रं त्यात?" तिनं विचारलं. "खालचं यंदा लावू का तसंच ठेवू? तू सांगशील तसं."

खरं बोलायची वेळ ती होती. अर्धी बरणी अजून भरलेली होती. आमच्याच कचेरीतून तपासायला जाते माती, दुसऱ्या दिवशी मी ती स्वतः नेऊन दिली असती तर कुणी अडवलं नसतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातला मी. ब्रशवरचा चिखल आळत चालला होता. मी म्हणालो, "चांगली आहे माती. लाव बिनधास्त."

"बरं झालं बाबा," ती म्हणाली, आणि मी ब्रशवरून बोट फिरवलं.

आता आईच्या हाताबद्दल सांगायला हवं. आमच्या पाड्यावर लावणीची एक रीत आहे. कुणाच्याही खाचरात रोपांची पहिली मूठ आईनं लावायची. कधीपासून ते मला माहीत नाही, मी लहान होतो तेव्हापासून बघतोय. तिच्या हाताला गुण आहे असं सगळे मानतात. ती पदर खोचून चिखलात उतरते, एक मूठ घेते, चार रोपं रोवते, मातीची बोटं कपाळाला लावते आणि बाजूला होते. मगच बाकीच्या बाया उतरतात. आईच्या अंगावर दागिना म्हणून काही नाही. तो मान हाच तिचा दागिना आहे.

आणि दुसरी गोष्ट सावडीची. लावणीला मजूर कोण लावतो आमच्याकडे? आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. ज्या घरची माणसं तुमच्याकडे राबली, त्या घरी तुमचं माणूस गेलंच पाहिजे. आमच्या घरचं माणूस म्हणजे खरं तर मी. पण मला कचेरी असते, कचेरी नसेल तर काही ना काही असतं, आणि मग माझ्या वाटच्या सावडीला आईच जाते. खालचं खाचर यंदा लावायचं ठरल्यामुळे तिची ती फेड आणखी वाढली. गुडघे दुखत असताना ती दुसऱ्यांच्या खाचरांत वाकून उभी राहिली.

लावणीला मी एका रविवारी गेलो. आमच्याच खाचरात सगळे जमले होते. मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून वरच्या खाचरात उतरलो तेव्हा बाया हसल्या. शेजारची म्हातारी, तिला मी काकी म्हणतो, म्हणाली, "साहेब, हळू. चिखल लागंल."

आई खालच्या खाचरात उतरली. मूठ हातात घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "यंदा भ्या नाय. माझ्या पोरानं माती तपासून दिलीय. चांगली हाय म्हणतो."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.  मी वाकून रोपं लावायला लागलो आणि ती नीट लागताहेत की नाहीत, इकडे फार लक्ष असल्यासारखं दाखवलं. मागच्या बाजूनं आईचं बोलणं ऐकू येत होतं. मी कसा शिकवतो, कुदळ कशी धरायला सांगतो, सगळं ती पुन्हा सांगत होती.

देखावा त्या पावसाळ्यातच पुरा झाला. रोपांसाठी मी झाडूच्या हिरांचे तुकडे रंगवले. पाण्यासाठी पारदर्शक लाख ओतली. फोटो काढून आमच्या छंदाच्या गटात टाकले, तर लोक वेडे झाले. इतका खरा चिखल कुठल्या कंपनीचा, असं एकानं विचारलं. मी लिहिलं, घरची माती आहे. त्यावर हसरे चेहरे, टाळ्या. मी फोन उपडा करून ठेवला. कौतुक कधी इतकं बोचलं नव्हतं.

गौरी-गणपतीला गावी गेलो आणि बांधावर उभा राहून बघितलं. वरचं खाचर हिरवंगार. खालचं पिवळं, पातींवर तेच तांबूस ठिपके. माझ्या रणगाड्यावर मी स्पंजानं जसे गंजाचे डाग दिले होते, अगदी तसे. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"मातीला दोष नाय," ती म्हणाली. "बी नवं होतं. पाऊस येळेवर झाला. माती तं तूच तपासलीस. मग राह्यलं काय?" तिनं उजवा हात पुढे धरला, तळवा वर. "हात. हाताचा गुण सरला माझ्या. सगळ्यांना सांगितलं मी, पुढल्या साली मूठ दुसऱ्या कुणी लावा."

तिनं हे रडत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. डाळीत मीठ जास्त पडलं म्हणून सांगावं, तशी सांगत होती. मला तिथंच सांगता आलं असतं. ओठापर्यंत आलं आणि मी म्हणालो, "असं काही नसतं गं आई." बस्स. एवढीच माझी मर्दुमकी.

जव्हारला परत येताना गुपचूप खाचरातली माती घेतली आणि या वेळी खरोखर तपासायला दिली. झिंक कमी निघालं. सगळ्यांना माहीत असलेला, साधा दोष. लावणीच्या आधी कळला असता तर तो सहज भरून निघाला असता. मी दुकानातून झिंकची पुडी आणून आईकडे पाठवली आणि निरोप दिला, भाताला जोर यायला टाक. हे आणखी एक खोटं. पीक थोडं सावरलं, पण वेळ गेली होती.

नवरात्रात आई गुडघे दाखवायला जव्हारच्या सरकारी दवाखान्यात आली आणि तिथून क्वार्टरवर. बायको शाळेत होती. आई खुर्चीवर बसली नाही, टेबलापाशी उभी राहून देखावा बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं माझं. चहा ठेवतो म्हणून आत गेलो आणि गॅस न पेटवताच परत आलो.

"हे काय रं?"

"रणगाडा. लढाईचा."

"आन् हे भात?"

"भातच. खाचरात रुतलाय तो."

तिनं चष्मा वर सारून जवळून बघितलं. तिला हसू आलं. "आता ह्याला काढायला कोण येणार? सावडीला तं तू जात नाय कुणाच्या."

मीही हसलो. आणि मग तिची नजर ब्रशांवर गेली. ब्रश मी तिच्याच बरणीत उभे करून ठेवले होते, उरलेल्या मातीत खोचून. लाल झाकण बाजूला पडलेलं, फडकं खाली अंथरलेलं. तिनं ब्रश एकेक करून काढले आणि टेबलावर ठेवले. आत बोट घालून माती चिमटीत घेतली. मग रणगाड्याच्या पट्ट्याकडे बघितलं.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. माती तपासली नव्हती, याला लावली, फोनवर खोटं बोललो, पुडी कशाची होती तेही.  माझं संपल्यावर तिनं तळवा उघडला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, दुखून बऱ्या झालेल्या हाताकडे बघतात तसं.

"म्हंजी हात नाय गेला माझा," ती म्हणाली.

"नाही गं. हाताचा काही संबंध नव्हता."

"बरं झालं. सांगितलंस ते बरं झालं."

रागावली नाही. मला वाटलं होतं बोलेल, निदान बायको आल्यावर तिच्यापाशी तरी. नाही. निघताना फक्त बरणी उचलली, झाकण लावलं, फडकं बांधलं. "शेतातली हाय, शेतात टाकते," म्हणाली. मी जीपपर्यंत सोडायला गेलो. तिला खिडकीशी जागा मिळाली. परत येताना मला हलकं वाटत होतं. वाटलं, सुटलो. आता ती घरी जाऊन सगळ्यांना सांगेल, पोरानं गाढवपणा केला म्हणून, लोक मला चार शिव्या घालतील आणि तिची पहिली मूठ तिला परत मिळेल.

दिवाळीच्या आधी कापणीला मी रजा घेऊन गेलो. कापणी उरकली की पाड्यावरची निम्मी माणसं वीटभट्ट्यांवर जातात, त्यामुळे सगळ्यांची घाई. पहिल्या दिवशी काकीच्या खाचरात काम होतं. शिव्या खायची तयारी करूनच मी उतरलो होतो. कुणीच काही बोललं नाही. उलट काकीनं मला विळा दिला आणि हळू आवाजात म्हणाली, "तुझी आई लय खचलीय रं. पुढल्या साली मूठ मी सुनेच्या हातनं लावीन म्हणते. वाईट वाटतं, पण काय करणार? हात गेला तिचा, ती स्वतःच म्हणते."

"अजून म्हणते?"

"भादव्यात बोलली. परवा मी परत इचारलं, तं गप बसली."

आई पलीकडच्या टोकाला वाकून कापत होती. नवरात्रापासून तिला खरं माहीत होतं. त्यानंतर बायका तिच्यासमोर सुनेच्या हाताबद्दल बोलल्या असतील, तिनं ऐकून घेतलं असेल, आणि ती गप्प राहिली होती.  मी विळा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो. माती तपासलीच नव्हती. मी खोटं सांगितलं. एका खेळण्याला लावायला मागवली होती माती. मातीतच दोष होता, आईच्या हातात नव्हता. एकदा बोलायला लागल्यावर ते फार लवकर संपलं. एवढ्यासाठी मी इतके महिने घालवले होते.

विळे थांबले. कुणीतरी विचारलं, "कसलं खेळणं?" आणि मी सांगितलं तेव्हा एक जण हसला. काकी आईकडे वळली.

"तुला ठावं होतं?"

"नवरात्रात सांगितलं त्यानं," आई म्हणाली. ती वाकलेलीच होती.

"मग बोलली का नाय? एवढं ऐकून घेतलंस आमचं."

आईनं हातातली पेंढी बाजूला ठेवली, पुढचा भात मुठीत धरला आणि कापला. मग म्हणाली, "त्याचं होतं ते सांगायचं. त्याची सावड मी किती भरू?"

 काकीनं खाली पडलेल्या विळ्याकडे बोट दाखवलं. मी तो उचलला आणि काकीच्या शेजारच्या ओळीत वाकलो.